स्कोपच्या रिंगा पुन्हा आवळल्या, तर झीरो टिकतो का?

स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरण्याच्या दुर्बिणीच्या, रिंगांचे (तिला बांधून धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू सैल झालेले आढळले आणि ते पुन्हा आवळले, तर रायफलचा झीरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळीची जागा यांचा जुळवलेला मेळ) हलतो का, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला चार परवानाधारकांनी विचारला. त्याआधी तो मी स्वतःला तीनदा विचारला होता आणि तिन्ही वेळा सोयीचे उत्तर देऊन मोकळा झालो होतो. थोडक्यात सांगायचे तर, हलतो असेच धरून चालावे. किती हलेल हे आधी सांगता येत नाही, आणि पुन्हा बार काढून खात्री केल्याशिवाय त्या रायफलीवर विसंबू नये. एवढ्यावर काही जणांचे काम भागेल. परंतु ज्याच्या रिंगा एकदा सैल झाल्या त्याच्या त्या बहुधा पुन्हा सैल होतात, आणि माझ्या बाबतीत तसेच झाले म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडची रायफल .३०-०६ बोअरची, बोल्ट ॲक्शनची, आजोबांनी घेतलेली आहे. घरात तिला आजही ‘शिकारीची रायफल’ म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आल्यापासून ते नावच काय ते उरले आहे. राधानगरी, भुदरगड, चंदगड या पट्ट्यात गवे आणि रानडुकरे भातात व उसात शिरतात, त्यामुळे पीक संरक्षणासाठी घेतलेले परवाने आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पण तो परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे, हे इथेच नोंदवून पुढे जातो. खाली जे बार काढण्याचे सांगितले आहे ते त्या बोअरला परवानगी असलेल्या रेंजवरच काढायचे आहेत. स्क्रूला हात लावण्यापूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, चेंबरमध्ये बोट घालून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, आणि काडतुसे त्या खोलीतसुद्धा ठेवू नयेत.

झीरो किती नाजूक असतो याची कल्पना बहुतेकांना नसते. माझी नोकरी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या टूलरूममध्ये गेली, त्यामुळे मायक्रॉनची भाषा अंगवळणी पडलेली. तरीही कागदावर हिशेब मांडेपर्यंत मलाही ती कल्पना नव्हती. दोन रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटर धरा. मागची रिंग पुढच्या रिंगच्या तुलनेत फक्त दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, बाजूला सरकली, तर स्कोपची दिशा दहा हजारांत एक इतकी बदलते, आणि १०० मीटरवर गोळीची जागा एक सेंटिमीटरने बदललेली दिसते. पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक असलेल्या स्कोपची एक क्लिक, म्हणजे नेम सरकवणाऱ्या घुंडीचा एक टप्पा, १०० मीटरवर साधारण ७.३ मिलिमीटर होते. म्हणजे डोळ्याला काय, नखालाही जाणवणार नाही एवढ्या हालचालीने एका क्लिकपेक्षा जास्त फरक पडतो. स्क्रू सैल होतो आणि पुन्हा आवळला जातो तेव्हा रिंगची कॅप (वरचा अर्धा भाग), ट्यूब (स्कोपचे नळकांडे) आणि बेस (रिंगा ज्यावर बसतात ती पट्टी) हे तीन तुकडे बरोबर त्याच दहा मायक्रॉनांत परत येऊन बसतील, ही अपेक्षा भाबडी आहे. कधी कधी बसतात, आणि मग माणसाला वाटते की आवळल्याने काही होत नाही.

सरकण्यापेक्षा फसवे असते ते ट्यूबचे फिरणे. रिंगची वरची कॅप एका बाजूने आधी पूर्ण आवळली आणि मग दुसरीकडे वळले, तर कॅप ट्यूबला स्वतःबरोबर किंचित फिरवते. स्कोपमधली फुली ट्यूबच्या बरोबर मध्यावर असेल तर या फिरण्याने मारा फारसा बदलत नाही, फुली तिरकी दिसते इतकेच. पण बेस आणि बॅरल पूर्ण समांतर नसल्यामुळे आपण झीरो करताना वरची घुंडी बरीच फिरवलेली असते. समजा ती मध्यापासून २० एमओए दूर आहे आणि ट्यूब तीन अंश फिरली. तीन अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात जेवढा सरकतो तेवढेच. तरी त्यामुळे मारा बाजूला सुमारे एक एमओए, म्हणजे १०० मीटरवर तीन सेंटिमीटर सरकतो. इकडे आपण म्हणतो की वारा होता.

तिसरी गोष्ट ट्यूबच्या वाकण्याची. पुढच्या आणि मागच्या रिंगचे भोक एका रेषेत नसेल, तर स्क्रू आवळताना आपण प्रत्यक्षात ट्यूब वाकवत असतो. ॲल्युमिनियमची पातळ ट्यूब निमूटपणे वाकते, आतली भिंगांची नळी अडते आणि मग घुंडी चार क्लिक फिरवली तर फुली कधी दोन, कधी सहा क्लिक हलते. अशा रिंगा सैल असताना स्कोप ‘सुखात’ असतो आणि आवळल्यावर झीरो ठळकपणे उडतो. स्कोप काढल्यावर ट्यूबवर रिंगच्या एकाच कडेचा चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसला, तर हेच कारण समजावे. वरच्या कॅप काढून ट्यूब नुसती खालच्या अर्ध्या रिंगांत ठेवली असता ती एका टोकाला डुगडुगते का, हेही पाहावे. दोन सुट्या रिंगांऐवजी अखंड रेलवर, एकाच संचातल्या रिंगा घेतल्या की ही अडचण बहुतेक वेळा मिटते. घासून जुळवणी करण्याचे काम ज्याला येते त्यानेच करावे.

आता लक्षणांकडे येऊ, कारण नेम चुकला की सर्वात आधी रिंगांवर संशय जातो आणि तो दर वेळी खरा नसतो. रिंग किंवा बेस सैल असेल तर गोळ्यांचा गट (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) एकदम फाटतो, किंवा एकाच लक्ष्यावर दोन वेगळे गट पडतात, कारण स्कोप दर धक्क्याला दोन जागांपैकी एकीवर जाऊन बसतो. गट घट्ट आहे, पण दर महिन्याला थोडा थोडा एकाच दिशेने सरकतो आहे, असे दिसले तर लाकडी दस्त्याकडे पाहावे. आपल्याकडे जूनपासून हवा दमट होते, गगनबावड्याच्या बाजूला तर कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. त्या दिवसांत जुन्या अक्रोडाच्या दस्त्याचे लाकूड फुगून बॅरलला टेकू लागते आणि दिवाळीनंतर पुन्हा आक्रसते. दस्ता आणि ॲक्शन (बोल्ट आणि त्याचा लोखंडी सांगाडा) यांना जोडणारे खालचे दोन स्क्रू सैल असतील तरी नेम भरकटतो, आणि ते तपासायचे बरेच जण विसरतात. गट ठीक आहे, स्क्रू सगळे घट्ट आहेत, दस्ताही ठीक आहे आणि तरी घुंडी फिरवल्यावर मारा हिशेबाने हलत नाही, तर स्कोप आतून बिघडला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दुसरा खात्रीचा स्कोप चढवून पाहणे हाच सर्वात कमी काडतुसांत होणारा उपाय.

माझ्या रायफलीवर नवा स्कोप आणि नवे बेस एका दुकानातून बसवून घेतले होते. बेस दोन तुकड्यांचे, एक रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या लोखंडी सांगाड्याच्या, पुढच्या भागावर आणि एक मागे, प्रत्येकाला दोन स्क्रू. पहिले वीस बार उत्तम गेले. नंतर गट फाटला. पाहिले तर पुढच्या रिंगचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. मी ते आवळले, पाच बार काढून झीरो पुन्हा घेतला आणि विषय संपवला. पंचवीस बारांनी पुन्हा तेच. या वेळी मी निळे थ्रेडलॉकर (आट्यांत घट्ट होऊन स्क्रू धरून ठेवणारे रसायन) लावले, आणि घाईत ते तेलकट आट्यांवरच लावले. तिसऱ्या वेळी मी रागाने आवळले. कोल्हापुरात मनगटाचा जोर हा गुण मानला जातो, स्क्रूच्या बाबतीत तो दोष आहे. ॲलन कीचा लांब दांडा हातात धरून मी एवढा पिळला की ट्यूबवर रिंगचा ठसा उमटला. तो आजही आहे आणि तो स्कोप मी विकू शकणार नाही. झीरो तर टिकला नाहीच.

चौथ्या वेळी मी तो प्रकार आमच्या जुन्या मेस्त्रींना दाखवला. डिझेल इंजिनांच्या फिटिंगवर त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत, बंदुकीतले त्यांना काहीही कळत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी रिंगांकडे पाहिले नाही. रायफल गादीवर आडवी ठेवून त्यांनी मला स्कोपची घंटी, म्हणजे पुढचे रुंद तोंड, अंगठ्याने हलके दाबायला सांगितले आणि स्वतःच्या तर्जनीचे टोक बेस आणि रिसीव्हर यांच्या सांध्यावर टेकवले. दोन-तीनदा दाबायला लावल्यावर म्हणाले, “आरं, वरचं न्हवं, खालची पट्टी हालतिया.” मी बोट ठेवले तेव्हा मलाही ते जाणवले. सांध्यातून तेलाची बारीक रेघ दाबागणिक बाहेर येत होती आणि आत जात होती. हलणाऱ्या सांध्याची याहून स्वस्त तपासणी मला अजून सापडलेली नाही: सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब सोडायचा, पुसून घ्यायचा, आणि दाबून पाहायचे.

रिंगा उतरवल्या, बेसचे चारही स्क्रू काढले आणि व्हर्नियरने मोजले. तीन सारख्या लांबीचे होते आणि एक त्यांच्यापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर आखूड. असा आखूड स्क्रू अनेक बोल्ट ॲक्शन रायफलींमध्ये मुद्दाम दिलेला असतो, कारण रिसीव्हरच्या सर्वात पुढच्या भोकाखाली लगेच बॅरलचे आटे असतात आणि तिथे खोली कमी असते. बसवणाऱ्याने चारही स्क्रू सारखेच समजून अदलाबदल केली होती. लांब स्क्रू पुढच्या उथळ भोकात जाऊन तळाला टेकला होता. पाना अडत होता, हाताला ‘घट्ट झाले’ असे वाटत होते, पण स्क्रूचे डोके बेसला दाबतच नव्हते. आखूड स्क्रू दुसऱ्या भोकात जेमतेम दोन-तीन आटे धरून उभा होता. अर्थात दर बाराच्या धक्क्याला पुढचा बेस सूक्ष्म हलत होता आणि ते हादरे थेट वरच्या रिंगच्या स्क्रूंना मिळत होते. मी वर्षभर आवळत होतो ते स्क्रू निर्दोष होते.

स्क्रू सैल का होतो याचे उत्तर यंत्रशास्त्राला १९६९ पासून नीट ठाऊक आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने त्या वर्षी दाखवून दिले की स्क्रूच्या अक्षाच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या दिशेने होणारे सरकणे कितीतरी लवकर स्क्रू उलटा फिरवते. जोडलेले दोन भाग एकमेकांवर बाजूला घसरू लागले की डोक्याखालचे आणि आट्यांमधले घर्षण क्षणभर मोकळे होते आणि स्क्रू आपोआप थोडा सुटतो. स्प्रिंग वॉशरने हे थांबत नाही, हेही त्याच पद्धतीच्या चाचण्यांत दिसते. रायफलच्या बाबतीत धक्का बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, दिशेने, म्हणजे बेसच्या स्क्रूंना बरोबर आडवा बसतो. म्हणून स्क्रूने धक्का स्वतः सोसायचा नसतो; त्याने दोन भाग एकमेकांवर इतके दाबून धरायचे असतात की ते घसरणारच नाहीत. तो दाब नसेल तर थ्रेडलॉकर काही दिवस वेळ मारून नेते, त्यापलीकडे काही करीत नाही.

दुरुस्ती मी कशी केली ते आता क्रमाने सांगतो. स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात घातले, पण त्याआधी एक तपासणी केली जी प्रत्येकाने करावी: बेस न लावता स्क्रू भोकात हाताने तळापर्यंत फिरवायचा आणि किती फेरे गेले ते मोजायचे, मग बेस लावून, डोके बेसवर टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजायचे. दुसरा आकडा पहिल्याहून निदान अर्ध्या-एक फेऱ्याने कमी असला पाहिजे. तसा नसेल तर स्क्रू तळाला टेकतो आहे. अशा वेळी कानशीने स्क्रूच्या टोकाचा एखादा आटा कमी करता येतो. भोक खोल करण्याचा विचारही करू नये.

इथे उद्यमनगरच्या मंडळींसाठी एक इशारा. बेसच्या या बारीक स्क्रूंचे आटे बहुतेक वेळा अमेरिकन मापाचे, ६-४८ या नावाचे असतात: व्यास ३.५ मिलिमीटर, एका इंचात ४८ आटे, म्हणजे एका फेऱ्याला ०.५३ मिलिमीटर. आपल्या बाजारात मिळणारा ३.५ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू ०.६ चा असतो. तो पहिले एक-दोन फेरे गोड बोलून आत जातो, तिसऱ्याला जड होतो, आणि जोर लावला की रिसीव्हरचे आटे खाऊन टाकतो. हरवलेल्या स्क्रूऐवजी ‘बसला की’ म्हणून मिळेल तो स्क्रू घालू नये. आटे गेलेच, तर मोठा टॅप मारणे किंवा नवे भोक पाडणे ही लेथवाल्याकडे नेण्याची गोष्ट नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती परवाना असलेल्याकडूनच करून घ्यावी लागते, आणि ओळखीच्या कारखान्यात पाच मिनिटांत होणारे हे काम त्या कारखानदारालाही अडचणीत आणू शकते.

आटे आणि भोके स्वच्छ करण्यासाठी मी ॲसिटोन वापरले. कापसाच्या काडीने प्रत्येक भोक पुसले, जुन्या थ्रेडलॉकरचे पांढुरके कण पितळी ब्रशने काढले आणि सगळे पूर्ण वाळू दिले. थ्रेडलॉकर हवेच्या अभावी आणि धातूच्या संपर्कात घट्ट होणारे रसायन आहे; तेलाच्या थरावर ते धड चिकटत नाही. एकदा घट्ट झालेला स्क्रू नंतर अर्धा फेरा जरी पुढे आवळला तरी तो थर तुटतो, म्हणून ‘थोडे आवळून घेतो’ हा प्रकार थ्रेडलॉकर लावलेल्या स्क्रूंवर करू नये. तो पूर्ण काढून, साफ करून, पुन्हा लावावा लागतो. मी बेसच्या स्क्रूंना निळे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर थेंबभर लावले. रिंगच्या कॅपचे स्क्रू कोरडे ठेवले. काही जण तिथे कमी ताकदीचे जांभळे लावतात, त्याला माझी हरकत नाही. लाल मात्र कुठेही लावू नये, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि स्कोपजवळ गरम करणे परवडणारे नाही.

आता मनगटाचा प्रश्न. रिंगच्या कॅपच्या स्क्रूंना बहुतेक उत्पादक १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर टॉर्क सांगतात. आपल्या रिंगांच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो मानावा. हा टॉर्क किती थोडा असतो हे कळण्यासाठी एक हिशेब पाहा. ॲलन कीचा नऊ सेंटिमीटरचा दांडा धरून वीस किलोचा जोर लावला तर जवळपास १८ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे हवे त्याच्या दहापट, आणि वीस किलोचा जोर आपल्याकडे कोणीही नकळत लावतो. टॉर्क रेंच नसेल तर प्रवासी बॅगा तोलण्याचा डिजिटल काटा घ्यावा, ॲलन कीच्या दांड्यावर स्क्रूच्या मध्यापासून बरोबर दहा सेंटिमीटरवर खूण करावी (दांडा आखूड असेल तर त्यावर नळीचा तुकडा चढवावा), तिथे काट्याचा आकडा अडकवून दांड्याशी काटकोनात ओढावे आणि काटा १.८ किलो दाखवताच थांबावे. ते साधारण १.७७ न्यूटन-मीटर होते. ही युक्ती टॉर्क रेंचइतकी अचूक नाही, पण अंदाजापेक्षा पुष्कळ बरी आहे. एक गोष्ट लक्षात ठेवावी: आवळताना लावलेल्या टॉर्कचा सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच जातो, प्रत्यक्ष दाब उरलेल्या भागातून तयार होतो. म्हणून स्क्रू तेलकट असेल, किंवा ओले थ्रेडलॉकर असेल, तर घर्षण घटते आणि त्याच आकड्याला दाब कितीतरी वाढतो. कोरड्या स्क्रूचा आकडा ओल्या स्क्रूला लावून ट्यूब चेपवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आवळण्याचा क्रम असा ठेवला. आधी बेस, आणि त्यातील थ्रेडलॉकर पक्के व्हायला एक पूर्ण दिवस. मग रिंगांचा खालचा भाग बेसवर चढवून, रिंग बेसला आवळणारा आडवा बोल्ट सैल असतानाच रिंग नळीच्या तोंडाकडे पुढे ढकलून धरली आणि तशीच आवळली. यामागचे कारण सोपे आहे: बार निघाला की रायफल मागे येते आणि स्कोप, स्वतःच्या वजनामुळे, आहे तिथेच राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या मानाने पुढे जातो. तो पुढे जाऊन टेकण्याची जागा आधीच गाठलेली असेल तर नंतर सरकायला काही उरत नाही. त्यानंतर ट्यूब ठेवून, फुली उभी जुळवून, कॅपचे स्क्रू कोपरा-कोपरा सोडून तिरपे, प्रत्येकी पाव फेऱ्याने आवळत नेले. दोन्ही बाजूंची फट सारखी राहते आहे का हे मी कागदाच्या पट्टीने पाहत होतो. एका बाजूची फट मिटली आणि दुसरी उघडी राहिली, तर सोडून पुन्हा सुरुवात करावी. ट्यूब गुळगुळीत असेल आणि रिंगांत घसरत असेल, तर सोल्डरिंगची राळ बारीक करून खालच्या अर्ध्या रिंगेत चिमूटभर भुरभुरवण्याची जुनी पद्धत आहे, ती चालते. इन्सुलेशन टेप गुंडाळू नये. टेप दाबाखाली दिवसेंदिवस पातळ होत जाते, आणि ज्याला आपण सैल झालेला स्क्रू म्हणतो तो बऱ्याचदा जागचा हललेलाही नसतो, टेप बसलेली असते.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर, आणि रिंगवरून ट्यूबवर, लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. ही रेघ म्हणजे या सगळ्या लेखातला सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी भाग आहे. पुढे कधी नेम चुकला तर पान्याला हात लावण्यापूर्वी रेघा पाहता येतात: स्क्रूवरची रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरला, ट्यूबवरची तुटली असेल तर स्कोप सरकला किंवा फिरला, आणि दोन्ही अखंड असतील तर दोष बेसमध्ये, दस्त्यात, स्कोपच्या आत किंवा आपल्या खांद्यात शोधावा. ज्याला विचारावेसे वाटते की ‘आवळल्यावर झीरो हलेल का’, त्याने आवळण्याआधी ही रेघ पाहिली तर उत्तर बरेचसे तिथेच मिळते. रेघा जुळलेल्या असून स्क्रूने पाव फेऱ्याहून कमी वाव घेतला, तर बदल एक-दोन क्लिकांत असण्याची शक्यता जास्त. ट्यूबवरची रेघ तुटली असेल, तर जुना झीरो विसरावा.

पुन्हा झीरो करताना काडतुसे वाचवण्यासाठी मी बोल्ट काढून, रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, नळीतून २५ मीटरवरच्या लक्ष्याचा काळा ठिपका मध्यावर आणला आणि रायफल न हलवता फुली त्याच ठिपक्यावर घुंड्यांनी आणली. त्यानंतर २५ मीटरवर दोन बार. इथे पाव एमओएची एक क्लिक जेमतेम १.८ मिलिमीटर असते, तेव्हा १०० मीटरच्या हिशेबाने घुंडी फिरवू नये. हा घोळ मी अनुभवी माणसांनाही घालताना पाहिले आहे. मग १०० मीटरवर पाच बार, घुंडीला हात न लावता, नळी थंड होऊ देत. गटाचा मध्य निशाणापासून डावीकडे साडेचार सेंटिमीटर आणि खाली दोन सेंटिमीटर आला. उजवीकडे सहा क्लिक, वर तीन क्लिक, आणि पुन्हा पाच बार. एका गोळीवरून घुंडी फिरवणारा माणूस दिवसभर स्वतःच्याच चुकीचा पाठलाग करीत राहतो. तीन गोळ्यांच्या गटावरूनसुद्धा एक-दोन क्लिकांचा फरक खरा की योगायोग हे ठरवता येत नाही, म्हणून पाच.

रेंजवरच्या मुलांना हा विषय विचारून उपयोग होत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोल्हापूरने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत दिली, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले, त्यामुळे आपल्याकडे रायफल म्हटले की लोक थेट नेमबाजांकडे बोट दाखवतात. पण त्यांच्या स्पर्धांत दुर्बिणीचा स्कोप नसतो, डोळ्याजवळ बारीक छिद्राची साइट असते. त्यांच्याकडून घेण्यासारखी सवय एकच आहे आणि ती मी घेतली: प्रत्येक क्लिक वहीत लिहिण्याची.

स्प्रिंगच्या एअर रायफलवाल्यांची तक्रार थोडी वेगळी असते. त्या बंदुकीला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते, आणि तो टोकाला आदळताच ती झटक्याने पुढे जाते. हा दुसरा झटका स्कोपला मागे सरकवतो. त्यामुळे वर सांगितलेले ‘पुढे ढकलून आवळा’ त्यांना लागू नाही. त्यांनी मागच्या माउंटची (स्कोप बंदुकीला धरणाऱ्या जोडाची) खिळी बंदुकीवरच्या भोकात नीट उतरली आहे का ते पाहावे. तशी खिळी नसलेल्या माउंटवर कितीही आवळले तरी स्कोप सरकत राहतो, आणि एअर रायफलसाठी न बनवलेला स्कोप असल्या उलट्या झटक्याने आतून मोडू शकतो.

माझ्या रायफलीने दुरुस्तीनंतर साठ बार सोसले आहेत. वीस बारांनंतर, चाळिसांनंतर आणि साठांनंतर मी रेघा पाहिल्या आणि काट्याने १.८ किलोला ओढून स्क्रू हलतो का ते तपासले. पहिल्या तपासणीत मागच्या रिंगचा एक स्क्रू अगदी किंचित पुढे गेला, कारण नवे पृष्ठभाग सुरुवातीला एकमेकांत थोडे दबतात. तेव्हा पाच बार काढून पाहिले, झीरो होता तिथेच होता. त्यानंतर कोणताही स्क्रू हललेला नाही. बेसच्या चारही स्क्रूंची लांबी, कोणता कोणत्या भोकातला, हे चित्र काढून मी परवान्याच्या पुस्तिकेत घडी घालून ठेवले आहे, म्हणजे पुढच्या वेळी स्कोप कोणी उतरवला तरी आखूड स्क्रू पुन्हा मागे जाणार नाही.